वारावरचे मास्तर

जीवराम सोनवणे यांच्याइतकं सुंदर चुकणारा माणूस अख्ख्या जळगाव जिल्ह्यात नव्हता. चुका काय, सगळेच करतात. पण केलेली चूक दोन बोटांत धरून, उजेडात फिरवून, तिची झळाळी चारचौघांना दाखवावी ती जीवरामनेच.

ही कला त्याला 'नवी पाटी'त साधली. 'नवी पाटी' ही बायकांना साक्षर करणारी संस्था. जळगावात दोन खोल्यांचं ऑफिस, एक जीप, आणि मदत थेट हॉलंडहून. प्रमुख हॅनेके नावाच्या डच बाई. पन्नाशीच्या, उंच, सुती साडी नेसणाऱ्या, आणि पुण्याच्या वर्गात शिकलेलं छापील मराठी बोलणाऱ्या. त्यांनी आधी आठ वर्षं आफ्रिकेत शिकवलं होतं आणि नवव्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं होतं की आपल्याला तिथे कोणी बोलावलंच नव्हतं. त्या दिवसापासून बाईंनी एक धसका घेतला होता: आपल्या संस्थेतला कोणीही शिक्षक गावात तारणहार बनून जाता कामा नये.

म्हणून प्रत्येक शिक्षकाला एक 'आरसा वही' दिलेली होती. वहीत प्रश्न छापलेले: या आठवड्यात मी कोणाला कमी लेखले? कोणाचे न ऐकता बोललो का? आपण देव आहोत असे मला कोणत्या क्षणी वाटले? दर शनिवारी चारही शिक्षकांनी सतरंजीवर गोल बसून वही मोठ्याने वाचायची.

एरंडोलकडच्या गावांत शिकवणारा हबीब शेख वाचायचा, "मंगळवारी बस चुकली. बुधवारी खडू संपला."

"हबीब, आपण आणखी खोल जावे," बाई कळवळून म्हणायच्या.

"गेलो होतो बाई. खालीही बसच चुकलेली होती."

मग जीवरामची पाळी येई. तो घसा साफ करून हळू आवाजात वाचायचा, "मी फळ्यासमोर उभा राहतो, तेव्हा माझी सावली माझ्याआधी शिकवू लागते." बाई डोळे मिटून घ्यायच्या. हे वाक्य डच भाषेत जाऊन तिकडच्या मासिकपत्रात चौकटीत छापून आलं, तेव्हापासून तर जीवरामला चुकांची चटकच लागली. शुक्रवारपर्यंत एखादी देखणी चूक हाताला लागली नाही, तर त्याला जेवण गोड लागत नसे.

त्यात जानेवारी ब्याण्णवमध्ये हॉलंडमधल्या युट्रेक्ट शहरातून पत्र आलं. शिक्षकांच्या आत्मपरीक्षणावर तीन महिन्यांचं शिबिर, जूनपासून, भारतातून एकच माणूस. बाईंनी सांगितलं की एप्रिलमध्ये वर्ग पाहून त्या नाव ठरवतील. जीवराम धुळ्याचा. देवपुरातल्या दोन खोल्यांतून तो आजवर फार तर नाशिकपर्यंत गेलेला. त्याने मेव्हण्याचा गरम कोट मागून आणला आणि धुळ्याच्या उन्हात तो घालून पाहिला. घामाने निथळला, पण काढवेना. आपण हॉलंडला गेलो नाही तर आयुष्य फुकट गेलं, असं त्याने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं.

त्याला मिळालेलं गाव बोरखळ, धरणगावपासून सहा किलोमीटर, कपाशीचं. वर्ग भरवायला सोसायटीच्या खतांच्या गोदामाची पडवी. अट एकच: पंचवीस निरक्षर बायकांची यादी. जीवराम शबनम पिशवी अडकवून घरोघर फिरला. तो घरी आईशी अहिराणीत बोलायचा, पण बोरखळची वेस आली की तोंडाला इस्त्री करून घ्यायचा. प्रत्येक दारात उभा राहून, मान किंचित कलती करून, तो विचारायचा, "ताई, आपल्याला अक्षरओळख आहे का?"

प्रश्न साधा होता, पण चेहरा साधा नव्हता. त्या चेहऱ्यावर हजारो वर्षांच्या अंधाराचं दुःख असं काही दाटून यायचं की समोरच्या बाईलाच त्याला पाणी द्यावंसं वाटे. मंजुळाबाई सातवी पास होती. जीवराम दारात आला तेव्हा ती मुलाचा शुद्धलेखनाचा कागद तपासत बसली होती. तिने तो कागद हळूच मांडीखाली सारला आणि म्हणाली, "नही भाऊ."

संध्याकाळी तिने जाऊन सगळं अक्कांना सांगितलं. अक्का म्हणजे यशोदाबाई, सरपंचांच्या मातोश्री. सरपंच गाव चालवायचा आणि अक्का सरपंचाला.

"अक्का, त्यानं तोंड देखीसन मन्ही जीभच उचलनी नही," मंजुळाबाई म्हणाली. "'वाचता येस' असं सांगती, तं तो आठेच रडी देता."

अक्कांनी चौकशी केली. कमलबाई अमळनेरला दहावीपर्यंत गेलेली, तीही नाही म्हणाली होती. पुष्पाबाई ग्रामपंचायतीचा फळा लिहायची, तीही नाही म्हणाली होती. गावातल्या ज्या चार म्हाताऱ्या खरोखर अंगठा उठवायच्या, त्यांनी "मरताना काय अक्षरं खावानी शेत?" म्हणत मास्तरांना दारातूनच परत पाठवलं होतं. अक्कांनी तपकिरीची चिमूट नाकाला लावली आणि निकाल दिला.

"पोऱ्या धुळेथीन उना शे. पंचवीस बाया नही मिळन्यात तं त्यानी नोकरी जाई. आपन त्याले वार लाई देऊ."

पूर्वी तालुक्याच्या शाळेत शिकायला आलेल्या गरीब विद्यार्थ्याला सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असं आठवडाभर जेवायला घालायचे. अक्कांच्या माहेरी एरंडोलला असे दोन विद्यार्थी वारावर जेवून पुढे मामलेदार कचेरीत चिकटले होते. एका घरावर भार पडत नाही आणि पोर उपाशी राहत नाही. तेच इथे. मास्तरांच्या यादीत नावं पंचवीस, आणि एकेका नावामागे दोन-तीन घरं. सोमवारी पुष्पाबाई म्हणून खुद्द पुष्पाबाई जाईल, मंगळवारी तिची जाऊ, बुधवारी शेजारीण. "नाव एकच, बाई कोनती बी," अक्कांनी बजावलं. "आनि पहिलाच दिवस भराभर वाचू नका. त्याले वाईट वाटी."

तुम्ही म्हणाल, मास्तरला रोज बदलणारे चेहरे कळले कसे नाहीत? पदर नाकापर्यंत होते हे खरं. पण खरं कारण ते नव्हतं. जीवराम बायकांकडे पाहतच नव्हता. तो त्यांच्याकडे पाहणाऱ्या स्वतःकडे पाहत होता. त्याच महिन्यात त्याने आरसा वहीत लिहिलं होतं, "प्रत्येक पदराआड एक स्वतंत्र व्यक्ती आहे, हे मी क्षणभरही विसरता कामा नये." आणि सोमवारची पुष्पाबाई सावळी नि मंगळवारची गोरी, हे त्याला शेवटपर्यंत दिसलं नाही.

बायकांनी दोन आठवडे कसाबसा धीर धरला. दहावीपर्यंत शिकलेल्या बाईने आठवडाभर 'क' गिरवायचा म्हणजे काय खाऊ आहे? तिसऱ्या आठवड्यात कमलबाईचा तोल गेला आणि तिने सबंध धडा एका दमात वाचून काढला. मग बाकीच्यांनाही अनावर झालं. जीवरामच्या अंगावर काटा आला. वीस दिवसांत निरक्षर बाई जोडाक्षरं वाचते! त्याने आपल्या शिकवण्याला 'प्रश्नातून अक्षर पद्धती' असं नाव दिलं आणि बारा पानी अहवाल जळगावला पाठवला. हॅनेके बाईंनी तो दोनदा वाचला.

फक्त झुंबरबाई मागे पडली.

झुंबरबाई पन्नाशीची, रुंद खांद्याची. पंचक्रोशीतल्या लग्नांत वरण-बट्टी करावी तर तिनेच. पाचशे माणसाचा अंदाज तिचा कधी चुकत नसे. मास्तरांच्या यादीत ती होती, पण अक्कांच्या वारांत तिचं नाव नव्हतं. कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. ती आपणहून पहिल्या दिवशी येऊन बसली आणि त्यानंतर एक दिवस चुकली नाही. पंचवीस नावांत रोज तीच येणारी बाई ती एकटी, आणि खरोखर वाचता न येणारीही ती एकटीच.

"तुम्हाला का शिकावंसं वाटतं?" जीवरामने पहिल्या दिवशी विचारलं होतं. उत्तर मुक्तीबिक्तीचं येईल म्हणून पेन्सिलही काढून ठेवली होती.

"मन्ही सून दुपारले पेपर वाचस आनि एकटीच हासस," झुंबरबाई म्हणाली. "काय व्हयनं इचारं तं म्हनस, 'काही नही आत्या.' मले ते 'काही नही' वाचनं शे."

जीवरामने लिहून घेतलं: 'कुटुंबातील सत्तासंबंधांचे भान.'

नऊ धडे ती बरोबर होती. दहाव्या धड्याला 'थ' आला, आणि 'थ' आणि 'य' यांत तिची गाडी रुतली. त्याच दिवशी बाकीचा वर्ग जोडाक्षरांवर उडी मारून गेला. "कळलं ना सगळ्यांना?" जीवराम विचारायचा. चोवीस पदर हलायचे. झुंबरबाई डावीकडे बघे, उजवीकडे बघे आणि गप्प बसे. या सगळ्या जणींना वाचता येतं हे तिला ठाऊक होतं. ती काही आंधळी नव्हती. गुरुवारी मंजुळाबाईच्या नावावर तिची स्वतःची सूनच पडवीत येऊन बसायची आणि सासूच्या शेजारी 'ग गवताचा' गिरवायची. अशा बायकांत हात वर करून "मले नही समजनं" म्हणायला जीभ रेटत नाही.

एकीसाठी चोवीस जणींना थांबवणं अन्याय होईल, असं जीवरामने ठरवलं आणि तिला मागे सोडलं. पण तिचं मागे पडणंही वाया जाऊ दिलं नाही. शनिवारी त्याने वाचलं, "झुंबरबाईंच्या मौनात माझ्याविरुद्ध एक प्राचीन नकार आहे." हॅनेके बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मासिकपत्रात पुन्हा चौकट आली. झुंबरबाईंचा प्राचीन नकार साऱ्या हॉलंडला कळला. तिला बिचारीला फक्त 'थ' कळायचा राहिला होता.

बाईंची भेट बुधवारी, बावीस एप्रिलला ठरली. मंगळवारी संध्याकाळी जीवराम झुंबरबाईच्या दारात गेला. ती लग्नघरचं मोठं पातेलं राखेने घासत होती.

"झुंबरबाई, उद्या पाहुण्या येतायत," तो म्हणाला. "परक्या माणसापुढे वाचायचं म्हणजे तुमच्यावर दडपण येईल. मला तुमच्या सन्मानाची काळजी वाटते."

"म्हंजे येऊ नको?"

"तसं नाही. निर्णय सर्वस्वी तुमचा. मी एक पर्याय समोर ठेवतोय, इतकंच."

"मंग येऊ का?"

जीवराम पातेल्याकडे पाहत राहिला. झुंबरबाईने त्याच्याकडे पुरतं एकदा बघून घेतलं. "बरं," म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली.

त्या दिवशी त्याने आरसा वही उघडलीच नाही. त्याला लाज वाटत होती, आणि ही लाज वाचून दाखवण्यासारखी नव्हती.

बुधवारी अक्कांचा हिशेब चुकला. मास्तरांची परीक्षा आहे म्हटल्यावर त्यांनी निरोप दिला होता की चांगल्या वाचणाऱ्या पंचवीसच पाठवा. पण तीन महिने पोसलेला मास्तर, आणि त्याच्या कसोटीच्या दिवशी आपण घरी बसायचं? प्रत्येक घराला वाटलं, आपण नको का? दुपारी तीनला पडवी भरली, पडवीखालचं अंगण भरलं, कडुनिंबाची सावली भरली. त्र्याहत्तर बाया आल्या होत्या. काहींनी ठेवणीतली पातळं नेसली होती. जीवरामचा ऊर भरून आला. लोकचळवळ म्हणतात ती हीच, असं त्याला वाटलं, आणि युट्रेक्टची बर्फाळ हवा त्याच्या गालांना लागली.

हॅनेके बाई जीपमधून उतरल्या. हार नको म्हणाल्या, भाषण नको म्हणाल्या. "मी प्रत्येक भगिनीस तिच्या नावाने भेटू इच्छिते," असं म्हणून त्यांनी हजेरीपट मागून घेतला आणि एकेक अक्षर जपून उच्चारलं, "पुष्पाबाई जगन्नाथ."

"हजर," तिघी उठल्या.

बाईंनी जीवरामकडे पाहिलं. "एकाच नावाच्या बऱ्याच…" जीवराम पुटपुटला.

"मंजुळाबाई सुकदेव."

चौघी उठल्या. एक साठीची, एक कडेवर पोर घेतलेली, एक अजून हळदीच्या अंगाची, आणि चौथी खुद्द मंजुळाबाई, बाकीच्या तिघींना डोळ्यांनी "बसा, बसा" म्हणून दटावणारी.

"कमलबाई वना."

दोघी उठल्या आणि तिथेच जुंपली.

"तू बस! बुधवार मन्हा शे."

"तुन्हा कसा? तुन्हा सोमवार! तू सोमवारले माहेरले गई म्हनीन मी उनू, तो तुन्हावर उधार शे!"

"ए, उधार कोनले म्हनस वं?"

जीवरामच्या तोंडाची इस्त्री मोडली. "हाई काय चाली ऱ्हायनं वं माय!" तो ओरडला.

मग मागून कोणीतरी खुसखुसलं, "अवं, मास्तर आपलाच शे!" आणि त्र्याहत्तर बायांचं हसू एकदम फुटलं. तीन महिन्यांत त्याचं एवढं मनापासून स्वागत झालं नव्हतं.

अक्का काठी टेकत उठल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी वारांची सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. पण बाईंचं मराठी छापील. अहिराणी त्यांना कळेना. त्या जीवरामकडे वळल्या. तेव्हा आपली फजिती आपल्याच तोंडाने, वाक्यावाक्याने छापील मराठीत करण्याची वेळ जीवराम सोनवणेवर आली.

"हा दारमा उभा राहे, तं रडका दिसे," अक्का म्हणाल्या.

शिक्षकाची भावनिक गुंतवणूक बायकांना जाणवली, असं जीवरामने भाषांतर केलं.

"बठ्ठ्यास्ले वाचता येस. कमल तं धावीलोंग जायेल शे."

या वाक्यात काही मऊ करण्यासारखं नव्हतं. त्याने ते जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी बारा पानी अहवालाची गुंडाळी हातात धरली होती. ती त्यांनी हळूच पर्समध्ये ठेवली.

"हे आपण का केले?" बाईंनी विचारलं.

"आमले वाटनं," अक्का म्हणाल्या, "बिचारानं काही भलं व्हवो."

जीवरामने भाषांतर केलं. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. बाई मटकन युरियाच्या पोत्यावर बसल्या आणि चष्मा काढून पुसू लागल्या. पुसून झाल्यावर त्यांचा चेहरा चक्क उजळला. "जीवराम," त्या म्हणाल्या, "तारायला गेलेला शिक्षक, आणि त्यालाच वार लावून तारणारे गाव! आत्मपरीक्षणाचे याहून मोठे उदाहरण मी ऐकले नाही. युट्रेक्टला आपणच जाल. हेच सांगाल."

जीवराम शरमेने मेल्यासारखा झाला होता, हे खरं. पण खरं तेच सांगायचं तर, त्याच्या डोक्यात तेवढ्यात एक वाक्यही जुळायला लागलं होतं: "ज्यांना मी हात द्यायला गेलो, त्यांच्या हातावरच…"

"म्हणजे शिकण्यास खरोखर आलेली एकही स्त्री येथे नव्हती?" बाईंनी सहज विचारलं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "एक व्हती," मंजुळाबाई म्हणाली. "झुंबर."

"ती कुठे आहे?"

अक्कांनी अंगणभर नजर फिरवली. "झुंबर काबर नही उनी?"

मघाच्या चार मंजुळाबाईंपैकी एक, हळदीच्या अंगाची, पदर ओढून उठली. झुंबरबाईची सून ती. "आत्यास्ले मास्तरनी सांगं," ती खाली बघत म्हणाली, "येऊ नका."

बाईंनी भाषांतरासाठी जीवरामकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं. डोक्यात जुळत आलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं. हे एवढं सोपं वाक्य, चौथीतल्या पोराने छापील मराठीत केलं असतं. जीवरामला ते करता आलं नाही. बाईंना मात्र ते भाषांतरावाचून कळलं. अक्का खाली बसल्या आणि स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मास्तरले संभाळता संभाळता आपन बी झुंबरले इसरी गऊत."

जीप गेल्यावर जीवराम झुंबरबाईकडे गेला. ती ओसरीवर तूर निवडत होती. त्याने उभ्या उभ्याच माफी मागितली. माफी लांब होती. तिच्यात अहंकार होता, सत्ता होती, दृष्टीचा आंधळेपणा होता. झुंबरबाईने सुपातला खडा बाजूला टाकला आणि पोराचं रडणं थांबायची वाट बघावी तशी वाट पाहिली.

"झालं?"

"झालं."

"सून सांगे, तुम्ही परदेशले चालनात. तठे काय सांगशाल?"

"माझी चूक. मी तुमच्याशी कसा वागलो ते."

"मन्हं नाव सांगशाल?"

"अगदी आदराने सांगेन."

"काय सांगशाल? झुंबरबाईले वाचता येस नही, असंच ना?" तिने सूप खाली ठेवलं. "त्या गोरा लोकेस्ले मन्ही लाज काबर दखाडतस? आठे गावमा कोनले माहीत नव्हतं, तं तुम्ही तिकडे सांगी येशाल. मन्हं वाचनं व्हवू द्या. मंग सांगा, नही तं नका सांगू. तवलोंग मन्हं नाव घेवानं नही."

प्राचीन नकार मासिकपत्रात दोन महिन्यांपूर्वीच छापून गेला आहे, हे तिला सांगायचं धैर्य जीवरामला झालं नाही.

धरणगावला भाड्याने घेतलेल्या खोलीवर येऊन त्याने युट्रेक्टचं भाषण तिच्याशिवाय लिहून पाहिलं. झुंबरबाई वगळली, तर शिल्लक राहत होतं ते एवढंच: साक्षर बायकांनी तीन महिन्यांत साक्षर झाल्याचं दाखवलं, आणि मास्तर खूश झाला. वार वगैरे गंमत होती, पण तीही अक्कांची होती. त्याची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, आणि ती सांगायला त्याला मज्जाव झाला होता. कोट खुंटीवर होता. त्याच्याकडे पाठ करून तो बराच वेळ बसला. हॉलंड हातचं जाणार हे त्याला दिसत होतं आणि त्याचं त्याला फार, फार वाईट वाटत होतं.

शनिवारी त्याने बाईंना सांगितलं, "मी जात नाही."

"कारण?"

"माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही बाई. जे आहे, ते माझं नाही."

बाईंचे डोळे भरून आले. हात आपोआप पेनाकडे गेला.

"बाई, हे लिहू नका."

"पण हे किती…"

"लिहू नका. आणि तिचं मागचं छापलंत, त्याने तर मला तिला तोंड दाखवायला जागा उरली नाही."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. सतरंजीवरच्या धाग्याशी चाळा करत त्या म्हणाल्या, "आफ्रिकेतील त्या स्त्रियांची गोष्ट मी सतरा देशांत सांगितली आहे. त्यांना विचारावे, असे मला एकदाही सुचले नाही." हे त्यांनी कुठल्याही वहीत लिहिलं नाही. हबीबने उठून सगळ्यांसाठी चहा सांगितला.

युट्रेक्टला शेवटी हबीबच गेला, जीवरामच्या मेव्हण्याचा कोट घालून.

बोरखळच्या बायका सुटल्या. वार संपले, पडवीत पुन्हा खताची पोती आली. जीवराम मात्र मे महिन्यातही रोज दुपारी धरणगावहून सायकल हाणत झुंबरबाईच्या ओसरीवर यायचा. जळगावच्या कागदांत या वर्गाची पटसंख्या एक होती. पहिल्या दिवशी तिने आपली वही त्याच्यापुढे टाकली. त्याने ती तीन महिन्यांत प्रथमच नीट उघडून पाहिली. नऊ धडे होते, आणि दहाव्यानंतर पुन्हा तेच नऊ, पुन्हा तेच नऊ, शेवटच्या पानापर्यंत. तेवढंच तिला येत होतं, म्हणून तेवढंच ती लिहीत बसली होती. जीवरामने वही मिटली आणि पाटी मांडीवर घेतली.

त्याने 'य' काढला, शेजारी 'थ' काढला. 'थ'ला वर वेटोळं कसं येतं ते अहिराणीत समजावलं. तिचं बोट धरून नाही, तिच्या हातात खडू देऊन समजावलं. दोनदा, तीनदा. मग जुन्या सवयीने विचारून गेला, "समजनं का?"

झुंबरबाईने पाटी हातात घेतली. जवळ धरली, लांब धरली. घाम पुसला.

"नही," ती म्हणाली.

पंचवीस नावं, त्र्याहत्तर बाया, तीन महिने, आणि वर्गात हा शब्द त्याला आजवर कोणी दिला नव्हता. जीवरामला एकदम बरं वाटलं. मग त्याने पाटी पुसली आणि 'थ' पुन्हा काढायला घेतला.